समुद्राचें बियाणें : पालघर-तारापूर किनाऱ्यावरील मासेमारीचें शिक्षण

बियाण्याचें भात कांडून खाणारा शेतकरी कोणासही शहाणा वाटत नाहीं. घरांतला दाणा संपत आला, उधारी वाढली, तरी कणगीच्या तळाशीं राखलेल्या बियाण्यास मृगापर्यंत हात लावावयाचा नाहीं, ही शिकवण आपणांस कोणत्याही शाळेंत मिळालेली नाहीं. ती वाडवडिलांकडून आली व अनुभवानें पक्की झाली. शेत आपल्या नांवचें, बांध आपला, आणि राखलेलें बी पुढील वर्षीं आपल्याच पदरांत पडणार, हा भरंवसा असल्यामुळें ती पाळणें आपणांस जड जात नाहीं. आतां ज्या शेतास बांध नाहीं, ज्याचा सातबारा नाहीं, ज्यांत कोणींही उतरून कापणी करावी, अशा शेतावर आपलें पोट असतें, तर बियाणें राखण्याचा नेम आपण किती दिवस पाळला असता, याचा वाचकांनीं क्षणभर विचार करावा. मच्छिमाराचें शेत असें आहे. आणि त्या शेतांतलें बियाणें संपत चाललें आहे, ही गोष्ट आतां तो स्वतःच बोलूं लागला आहे.

शेतकीच्या मासिकांत मासेमारीचा विषय कशास, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, पालघर तालुक्यांत भातखाचर संपतें तेथें खाजण लागतें आणि खाजण संपतें तेथें समुद्र लागतो. आपण व मच्छिमार एकाच बाजारांत बसतों. दुसरें असें कीं, या समुद्रांतून निघणाऱ्या बारीक मासळीचा मोठा वांटा खत व कोंबड्यांचें खाद्य होऊन शेतकऱ्यांकडेच येतो. तेव्हां हा केवळ दुसऱ्याच्या घरचा प्रश्न नव्हे.

किनारा व त्यावरील धंदा

पालघर जिल्हा ठाण्यापासून निराळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजीं. त्याच्या किनाऱ्यावर दक्षिणेकडे अर्नाळा, दातिवरें, केळवें, माहीम. मधें सातपाटी, मुरबें, नांदगांव, आलेवाडी, नवापूर, उच्छेळी, दांडी. आणि उत्तरेस घिवली, तारापूर, चिंचणी, वरोर, वाढवण व डहाणू अशीं गांवें आहेत. मांगेला, वैती, कोळी आदि समाजांचा हा पिढीजाद धंदा. यांतील सातपाटीचें नांव पापलेटासाठीं दूरवर प्रसिद्ध आहे. तेथील मच्छिमारांच्या सहकारी संस्था मासळीची प्रतवारी करून ती विकतात, आणि पापलेट जेवढें मोठें, तेवढा त्यास शेराचा भाव चढता, हें तेथील लहान पोरासही ठाऊक असतें. याच पापलेटास महाराष्ट्र सरकारनें २०२३ च्या सप्टेंबरांत ‘राज्य मासा’ ठरविलें. मान मोठा खरा. परंतु ज्या वेळीं एखाद्या प्राण्यास असा मान देऊन त्याच्या रक्षणाची हांक द्यावी लागते, त्या वेळीं तो पूर्वींसारखा मुबलक राहिलेला नसतो, हेंही त्यांतून समजावें.

या किनाऱ्यावर मुख्यतः दोन तऱ्हेचीं जाळीं चालतात. एक दालदी. तें भिंतीसारखें पाण्यांत सोडतात. मासा त्यांत डोकें घालतो व कल्ल्यांशीं अडकतो. दालदीचा आस, म्हणजे जाळ्याचें एक घर, मोठा असला कीं लहान मासा त्यांतून निघून जातो. दुसरें डोल. ती एक लांबलचक निमुळती पिशवी होय. तिचें रुंद तोंड समुद्रांत रोवलेल्या खुंटांस अगर नांगरांस बांधून प्रवाहाकडे उघडें ठेवतात. भरती-ओहोटीचें पाणी तींतून वाहतें आणि पाण्याबरोबर जें येईल तें शेवटच्या टोंकांत, ज्यास खोला म्हणतात त्यांत, सांठत जातें. उधाणाच्या दिवसांत पाण्याची ओढ जबर, म्हणून डोलीस मासळी अधिक. भांगाच्या दिवसांत ओढ मंद, म्हणून मासळी कमी. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली हीं डोलीचीं पिकें. परंतु डोलीस निवड करतां येत नाहीं. प्रवाहांत पापलेटाचें पिल्लूं आलें, तर जवळ्याबरोबर तेंही खोल्यांत जाऊन बसतें.

यांशिवाय ट्रॉल व पर्ससीन या जाळ्यांच्या यांत्रिक नौका आहेत. एक तळ खरवडीत जातें, दुसरें थव्यास गराडा घालून तो सबंध उचलतें. किनाऱ्यावरील लहान मच्छिमारांची मोठी तक्रार यांच्याविरुद्ध आहे. पर्ससीनवर सरकारनें २०१६ च्या फेब्रुवारींत कडक निर्बंध घातले. परंतु नियम आणि पाळणूक यांत नेहमींप्रमाणें अंतर राहिलें आहे.

धरावयास शिकविलें, राखावयास नाहीं

मच्छिमारांस शिक्षण द्यावें ही कल्पना नवी नाहीं. मुंबई इलाख्याच्या सागरी मासेमारीवर सोर्ली यांचा अहवाल १९३३ सालीं निघाला. स्वातंत्र्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या तज्ञांच्या साह्यानें मुंबई राज्यांत शिडाच्या मचव्यांस एंजिनें बसविण्याचें काम सुरू झालें. त्यांत सातपाटी हें आरंभींच्या गांवांपैकीं एक होतें. पुढें सुती जाळीं जाऊन नायलॉनचीं आलीं, बर्फ आला, खोल पाण्याचा ठाव घेणारीं यंत्रें आलीं. सरकारच्या मत्स्यव्यवसाय खात्यानें किनाऱ्यावरील तरुणांसाठीं प्रशिक्षण केंद्रें काढलीं. त्यांत नौकानयन, मासेमारी आणि डिझेल एंजिनाची निगा हे विषय शिकवितात. वर्सोव्यास १९६१ सालीं केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था निघाली, आणि रत्नागिरीस शिरगांव येथें १९८१ सालीं मत्स्य महाविद्यालय सुरू झालें.

या सर्व शिक्षणानें मच्छिमाराचें कल्याण झालें, यांत शंका नाहीं. वल्ह्यावर झिजणारे हात सुटले, वादळांत बुडणारी माणसें कमी झालीं. परंतु त्यांतील मच्छिमारांपर्यंत पोंचलेल्या भागाचा मुख्य रोख अधिक लांब जाणें, अधिक खोल जाणें व अधिक धरणें हाच होता, हें आज कबूल केलें पाहिजे. ज्या घरास दोन पिढ्या ‘अधिक धर’ असें सांगितलें, त्याच घरास आतां ‘थोडें सोड’ असें सांगावयाचें आहे. पहिला धडा कर्ज, अनुदान व नफा हातांत घेऊन आला होता. दुसरा धडा प्रथम तोट्याचाच वाटतो. म्हणून दुसरा धडा शिकविणाऱ्याची जबाबदारी पहिल्याहून मोठी आहे. नुसती व्याख्यानें देऊन, चार भित्तिपत्रकें लावून व चहा पाजून ती पार पडणार नाहीं.

आठपटीचा हिशेब

२०२३ च्या नोव्हेंबरांत महाराष्ट्र सरकारनें, केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या शिफारशीवरून, ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. तीहून लहान मासा धरूं नये असा हुकूम आहे. पापलेट १३५ मिलिमीटर, हलवा १७०, बोंबील १८०, सुरमई ३७० आणि घोळ ७०० मिलिमीटर, अशीं कांहीं मापें त्यांत आहेत. यामागील तत्त्व सोपें आहे. माशानें निदान एकदां अंडीं घालावींत, मग तो बाजारांत यावा. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर कणसांत दाणा भरण्यापूर्वीं पीक कापूं नये.

परंतु तत्त्वानें पोट भरत नाहीं. मच्छिमारास हिशेब दाखवावा लागतो, आणि तो फळ्यावर पांच मिनिटांत दाखवितां येतो. मासा केवळ लांबीनें वाढत नाहीं. लांबीबरोबर त्याची रुंदी व जाडीही वाढते. म्हणून लांबी दुप्पट झाली कीं वजन दुप्पट न होतां सुमारें आठपट होतें. दहा सेंटिमीटरचें पिल्लूं वीस सेंटिमीटरचें होईल तेव्हां तेवढ्याच एका नगाचें वजन आठपट भरेल. आतां समुद्रांत सोडलेलें प्रत्येक पिल्लूं कांहीं जगणार नाहीं. निम्मीं मोठ्या माशांनीं खाल्लीं असें धरलें, तरी उरलेल्या निम्म्यांचें वजन मूळच्या चौपट झालें. त्यावर मोठ्या पापलेटास शेराचा भाव चढता मिळतो, तो निराळाच. हें गणित करण्यास पदवी लागत नाहीं; मात्र तें मच्छिमाराच्या स्वतःच्या टोपलींतले मासे तराजूंत घालून केलें पाहिजे. पुस्तकांतलें पापलेट तोलून कोणाचा विश्वास बसत नाहीं.

मोजतांनाही एक गोष्ट आधीं ठरवून सांगावी लागते. पापलेटाची शेपटी दुभंगलेली असते. लांबी शेपटीच्या टोंकापर्यंत धरावयाची कीं खांचेपर्यंत, यावरून बोटभर फरक पडतो, आणि बोटभर फरकावरूनच धक्क्यावर भांडण होतें. अधिकाऱ्यानें, विद्यार्थ्यानें व मच्छिमारानें एकच फळी, एकच खूण वापरावी. लांकडी फळीवर मिलिमीटरच्या रेघा मारून एका टोंकास आडवी पट्टी ठोकली कीं माप तयार झालें. गांवचा सुतार तें घरच्या घरीं करून देईल.

आसाचा धडा

किमान लांबीच्या नियमांत एक मोठी अडचण आहे, आणि ती लपवून शिकविणें म्हणजे शिकणाऱ्यास फसविणें होय. कायदा मासा मोजतो तो किनाऱ्यावर. पण पापलेटाचें पिल्लूं डोलीच्या खोल्यांत दाबानें व घासटीनें आधींच मेलेलें असतें. तें मोजून परत समुद्रांत टाकलें, तर कायद्याचें समाधान होईल, पापलेटाचें वंशवर्धन होणार नाहीं. म्हणून खरें शिक्षण धक्क्यावर नसून, जाळें विणण्याच्या वेळीं, ओटीवर बसून द्यावयाचें आहे.

येथें आसाचा आकार महत्त्वाचा ठरतो. ट्रॉल जाळ्याच्या खोल्यास ४० मिलिमीटरचा चौरस आस असावा असा नियम आहे. चौरस आसाचें मर्म कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेनें प्रयोगांनीं दाखविलें आहे, आणि तें वर्गांत सहज करून दाखवितां येतें. नेहमींचें जाळें तिरप्या, शंकरपाळ्यासारख्या घरांचें असतें. त्याचा हातभर तुकडा दोन विद्यार्थ्यांनीं दोन टोंकांस धरून ओढला कीं घरें मिटतात. मापानें ४० मिलिमीटरचा असलेला आस पाण्यांत भार पडतांच करंगळीही जाऊं नये इतका बारीक होतो. तोच तुकडा फिरवून, घरें चौरस उभीं राहतील असा बांधला व ओढला, तर ताण उभ्या दोऱ्यांवर जातो आणि आस उघडा राहतो. सूत तेंच, खर्च जवळजवळ तोच. फरक फक्त बांधणीचा. असा प्रयोग एकदां स्वतःच्या हातानें केलेला मच्छिमार तो विसरत नाहीं.

डोलीचा प्रश्न मात्र एवढ्यानें सुटत नाहीं. मोठा आस डोलीस लावला तर जवळा व करंदी सर्वच निघून जातील, आणि डोल समुद्रांत टाकण्याचें कारणच उरणार नाहीं. जवळा हा मुळांतच बारीक. तो धरण्यांत पाप नाहीं. तेव्हां डोलकरास ‘आस मोठा कर’ एवढेंच सांगणारा शिक्षक त्याच्या धंद्याविषयीं अजाण ठरतो, आणि पुढचें एकही वाक्य कोणी ऐकत नाहीं. डोलकराशीं बोलावयाचें तें जागेविषयीं व वेळेविषयीं. कोणत्या पंधरवड्यांत, कोणत्या खुंटांवर पिल्लें अधिक येतात? त्या दिवसांत डोल उचलून दुसऱ्या पाण्यांत नेतां येईल काय? जवळ्याचा बारीक खोला व बोंबिलाचा मोठा खोला असे दोन ठेवून हंगामाप्रमाणें ते बदलतां येतील काय? या प्रश्नांचीं उत्तरें कोणत्याही संस्थेच्या कपाटांत तयार नाहींत. तीं तांडेलाच्या आठवणींत आहेत. तेथून तीं कागदावर आणलीं पाहिजेत.

विद्यार्थी व तांडेल

येथेंच विद्यार्थ्यांचें काम सुरू होतें. पालघर, बोईसर, सातपाटी, तारापूर, चिंचणी येथील शाळा-महाविद्यालयांत मच्छिमारांचीं मुलें मुली शिकत आहेत. त्यांतील पुष्कळांचा डोळा बोईसरच्या कारखान्याकडे अगर मुंबईच्या गाडीकडे असतो. आणि घरच्या धंद्याची आजची स्थिति पाहतां त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. परंतु जीं मुलें घरीं राहून शिकतात, त्यांच्या हातून असें एक काम होईल जें मोठमोठ्या शास्त्रज्ञांस वर्सोव्याहून येऊन करणें जड जातें.

आमची सूचना अशी. प्रत्येक गांवीं दहा-पंधरा विद्यार्थ्यांनीं एक नोंदवही घालावी. तींत रकाने असे : तिथि; उधाण कीं भांग; जाळ्याची जात; खोल्याचा आस; मासेमारीची जागा, निदान दिशा व पाण्याची खोली; एकंदर मासळीचें वजन; त्यांत पापलेटाचे नग किती व त्यांपैकीं १३५ मिलिमीटरच्या आंतील किती. आठवड्यांतून दोन दिवस, ओळखीच्या तीन-चार नौकांपुरती ही नोंद घेतली, तरी पुष्कळ झालें. दोन हंगामांत त्या गांवाच्या हातीं असें कोष्टक येईल, ज्यावरून पिल्लांचे पंधरवडे व पिल्लांच्या जागा बोट ठेवून दाखवितां येतील. शेतकऱ्यास पर्जन्यमापकाची नोंद जशी उपयोगी, तशी ही मच्छिमारास उपयोगी पडेल. नोंद दंडासाठीं नाहीं, नौकेचें नांव कोठेंही लिहिलें जाणार नाहीं, हें मात्र पहिल्याच दिवशीं सांगावें व पाळावें. नाहींतर खरा आंकडा कोणी सांगणार नाहीं.

अशा वर्गांत शिक्षक एकच असून चालणार नाहीं. संशोधन संस्थेचा माणूस माशाची वाढ व अंडीं घालण्याचा काळ समजावील. तांडेल पाण्याची ओढ व जागा सांगेल. विद्यार्थी मोजील व लिहील. समुद्री उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाची नेटफिश ही संस्था बंदरांवर मच्छिमारांसाठीं असेच वर्ग भरवीत आली आहे. डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर कृषि विज्ञान केंद्र आहेच. शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन प्रयोग दाखविण्याची जी पद्धत तेथें रुजली, तीच धक्क्यावर न्यावयाची आहे. वर्ग भरवावयाचा तो भांगाच्या दिवसांत अगर पावसाळी बंदींत, जेव्हां जाळीं घरीं असतात. ऐन उधाणांत सभा बोलावणाऱ्यास समुद्र कळत नाहीं, असेंच लोक म्हणणार.

आणखी एक गोष्ट वारंवार राहून जाते. नौका किनाऱ्यास लागली कीं मासळी बायांच्या हातीं जाते. निवड त्या करतात, वलांडीवर बोंबील त्या घालतात, पालघर-बोईसरच्या बाजारांत टोपली घेऊन त्याच बसतात. टोपलींतलें पापलेट गतसालापेक्षां लहान झालें, हें प्रथम त्यांच्या ध्यानांत येतें. ज्या वर्गास त्यांस बोलावणें नाहीं, तो वर्ग अर्धा रिकामा समजावा.

एकट्याचा नेम व सर्वांचा नेम

एवढें सर्व शिकून झाल्यावर तांडेल एक प्रश्न विचारतो, आणि त्या प्रश्नापुढें पुष्कळ शिक्षक गप्प बसतात. तो म्हणतो, “मीं सोडलेलें पिल्लूं पुढच्या नौकेनें धरलें, तर मीं काय मिळविलें?”

हा प्रश्न अज्ञानाचा नाहीं. गायरानांत एकानें आपलीं गुरें आवरलीं तर दुसऱ्याच्या गुरांस चारा अधिक मिळतो, हें आपण सर्व जाणतों. समुद्रांत खुंट रोवून धरलेल्या जागांस कव म्हणतात; या कवींवरून पालघर-डहाणूकडील व वसई-उत्तनकडील मच्छिमारांत अनेक वर्षें तंटा चालत आला आहे. जेथें जागा कोणाची हेंच ठरलेलें नाहीं, तेथें पिल्लें कोणाचीं हें कसें ठरावें? म्हणून आमचें स्पष्ट मत असें कीं, हें शिक्षण एकेका मच्छिमारास न देतां संस्थेस द्यावें. म्हणजे वर्गाचा शेवट टाळ्यांनीं न होतां संस्थेच्या ठरावानें व्हावा. संस्था मासळी विकत घेते. अमुक मापाच्या आंतील पापलेट आम्ही घेणार नाहीं व त्यावर उचल देणार नाहीं, असें तिनें ठरविलें, आणि शेजारच्या गांवच्या संस्थेनेंही तेंच ठरविलें, तर जें काम गस्तीच्या नौकेनें होत नाहीं तें वजनकांट्यावर होईल.

असें घडल्याचीं उदाहरणें आहेत. जपानांतील अकिता प्रांतीं हाताहाता नांवाचा मासा १९६० नंतरच्या दशकांत वर्षास दहा हजार टनांवर निघत असे. १९९१ सालीं तो सुमारें ७० टनांवर आला. तेव्हां तेथील मच्छिमारांनीं, पुष्कळ वादविवादानंतर, आपण होऊन १९९२ पासून तीन वर्षें त्या माशाची मासेमारी सर्वस्वी बंद ठेवली. १९९५ सालीं ती पुन्हां उघडली तेव्हां मासा वाढलेला दिसला व पुढें वाढत गेला. अलीकडच्या वर्षांत त्यास पुन्हां उतरती कळा लागली आहे, आणि त्याचें एक कारण तज्ञ समुद्राच्या वाढत्या उष्णतेंत शोधतात. म्हणजे संयमानें सर्वच साधतें असें नव्हे; पण संयमावांचून कांहींच साधत नाहीं. आपल्या देशांत केरळनें २०१५ सालीं प्रथम किमान लांबीचा नियम केला, आणि ज्यास आपल्याकडे राणी मासा म्हणतात त्याचें उत्पन्न तेथें त्यानंतर वाढल्याचें संशोधकांस आढळलें.

आपल्या किनाऱ्यावरही अशी समज नाहीं असें नाहीं. पावसाळ्यांत १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीस बंदी असते. ती १५ ऑगस्टपर्यंत वाढवावी अशी मागणी मच्छिमार संस्थांकडूनच होत आली आहे. पूर्वीं नारळी पौर्णिमेस नारळ अर्पण केल्यावांचून नौका पाण्यांत लोटीत नसत. त्या प्रथेच्या मुळाशीं खवळलेल्या दर्याची भीति होती हें खरें; पण तेवढ्या अवकाशांत मासळीस वाढावयास सवड मिळत असे, हेंही तितकेंच खरें.

तांडेलाचा दुसरा प्रश्न

तारापूरकडील गांवांत आणखी एक प्रश्न ऐकूं येतो. तेथें अणुवीज केंद्र १९६९ सालीं सुरू झालें, आणि पुढें बोईसरला मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली. कारखान्यांचें सांडपाणी खाड्यांतून व नळांतून समुद्रास मिळतें. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेनें याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, व लवादानें जानेवारी २०२२ मध्यें दोषी कारखान्यांवर आणि सामाईक सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर भरपाई बसविली. वाढवणच्या मोठ्या बंदरास केंद्र सरकारनें जून २०२४ मध्यें मंजुरी दिली असून त्यास मच्छिमारांचा विरोध आहे. “आम्हांस आसाचें माप शिकवितां, तर कारखान्यांस पाण्याचें माप कोण शिकविणार?” असें या गांवांतला मच्छिमार विचारतो.

या प्रश्नास बगल देऊन पुढें जाणारा शिक्षक विश्वास गमावतो. खाडी हें पुष्कळ जातींच्या पिल्लांचें पाळणाघर आहे. तीच नासली तर चौरस आसानें सुटलेलें पिल्लूं जाणार कोठें? परंतु दुसऱ्याच्या दोषामुळें आपलें कर्तव्य कमी होत नाहीं, हेंही प्रेमानें सांगितलें पाहिजे. उलट ज्या गांवाजवळ स्वतःची नोंदवही आहे, कोणत्या सालीं कोणत्या महिन्यांत किती मासळी निघाली याचा आंकडा आहे, त्याची तक्रार लवादापुढें अगर कलेक्टरापुढें अधिक बळानें उभी राहते. विद्यार्थ्यांची वही अशा रीतीनें दुहेरी उपयोगाची आहे.

शेतकऱ्यांनीं काय करावें

आतां आपल्याविषयीं. आपल्या सोसायट्या व कुक्कुटपालक कोंबड्यांसाठीं मासळीची भुकटी घेतात, बागाईतदार सुक्या कुजक्या मासळीचें खत घालतात. त्यांत काय दळलें आहे हें आपण विचारीत नाहीं. ज्या गोणींत पापलेटाचीं व घोळीचीं पिल्लें आहेत ती गोणी स्वस्त पडते, कारण तिची खरी किंमत पुढील हंगामावर लिहिलेली असते. सोसायटीनें माल घेतांना हा प्रश्न विचारण्यास आरंभ करावा. बाजारांत तळहाताएवढ्याही नसलेल्या पापलेटाचा वांटा स्वस्त म्हणून उचलूं नये. खाजण जमिनीवर बांध घालतांना कडेचीं तिवरें तोडूं नयेत. त्यांच्या मुळांशीं मासळी वाढते आणि बांधासही त्यांचाच आधार असतो. आणि आपल्या तालुका मंडळाच्या वार्षिक सभेस एखाद्या वर्षीं सातपाटीच्या अगर दांडीच्या एखाद्या जुन्या तांडेलास बोलवावें व त्याचें ऐकावें. बियाणें राखण्याविषयीं आपण त्यास चार गोष्टी सांगूं. बांध नसलेलें शेत कसें कसावें लागतें, तें तो आपणांस सांगेल.

पावसाळी बंदी लागली कीं या किनाऱ्यावरच्या नौका शाकारून ठेवतात आणि ओट्याओट्यांवर जाळीं विणण्याचें व सांधण्याचें काम सुरू होतें. आपल्याकडे तेव्हां भाताचीं रोपें दाढींतून निघून लावणीस आलेलीं असतात. त्याच दोन महिन्यांत हे वर्ग गांवोगांव भरावे, फळी व नोंदवही तयार व्हावी, आणि पहिली नौका पाण्यांत लोटण्यापूर्वीं प्रत्येक संस्थेच्या दप्तरीं एक ठराव लिहिला जावा, एवढीच आमची या किनाऱ्याच्या शिक्षकांस, संस्थांच्या पंचांस व आमच्या शेतकरी बंधूंस विनंती आहे.